बापाला न आवडलेला आलेख

दहावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडच्या रहाटणी-काळेवाडीत क्लासच्या फ्लेक्सशेजारी अॅप्टिट्यूड टेस्टचे फ्लेक्स झळकतात. काही जण तर बोटांचे ठसे घेऊन मुलगा डॉक्टर होणार की वकील ते सांगतात. या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, असं मनोविकारतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं कधीच स्पष्ट केलंय. पूर्वीचा ज्योतिषी तळहात बघायचा आणि दक्षिणाही कमी घ्यायचा.

खरी चाचणी वेगळी. समुपदेशकांकडे सर्रास वापरली जाणारी डीबीडीए आठ क्षमता तपासते. त्यात भाषिक, आकडेमोड आणि तर्क यांच्याबरोबर आकृती मनात फिरवून बघणं आणि यंत्राची समजही येते. वेळ लावून सोडवायचे हे भाग प्रामाणिक असतात. गडबड सुरू होते ती रिपोर्ट घरी आल्यावर.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ चाकणला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहेत. मुलाच्या रिपोर्टमध्ये यांत्रिक क्षमतेचा स्तंभ सगळ्यात उंच, आणि हे वैतागलेले. “दादा, मी आयुष्यभर कूलंटच्या वासात काढलं. यानंही तेच करायचं? कॉम्प्युटरचं काहीच कसं आलं नाही?” चाचणीत कॉम्प्युटर नावाचा स्तंभच नाही, हे त्यांना पटेना. या कारखान्यांच्या पट्ट्यात हे बऱ्याच घरांत होतं. ज्या हुन्नरावर फ्लॅटचे हप्ते फिटले, तोच मुलात दिसला की बापाला धडकी भरते. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. कंत्राटी कामगाराचा पगार त्यांनी जवळून पाहिलाय.

राज्य सरकारनं 2016 साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आणली. कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती आणि फी नव्हती. पण ती आवड विचारत होती, कुवत नव्हे. अभिक्षमतेची भर नंतर पडली. आणि आवड तरी कशाची सांगणार? भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये डाय कशी बनते, हे रहाटणीतल्या किती मुलांनी पाहिलंय? बाबांची कंपनी म्हणजे पहाटे येणारी बस, एवढीच ओळख. प्रवेशाच्या वेळी तर ना कल विचारतात ना क्षमता. अकरावीची यादी टक्क्यांवर लागते. मग पालकांनी रिपोर्ट फाईलला लावून ठेवला, तर दोष कुणाला द्यायचा?

मी त्या गृहस्थांना एवढंच सुचवलं, की मुलाला एकदा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उभं करा. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हेही सांगितलं. ते जरा सैलावले.

“चालेल की,” म्हणाले. “पण घरी सांगताना इंजिनिअरिंग आधी सांगतो, डिप्लोमा मागनं.”