शिशिरान्तीचा पळस

माघ सरत आला की आमच्या ओढ्याकाठच्या पळसाचे पान न् पान गळून जाते आणि काळसर मखमली कळ्यांतून केशरी फुले डोकावू लागतात. ‘ऋतुसंहारा’त कालिदासाने पळसवनाला अग्नीची उपमा दिली आहे, परंतु हा अग्नी छायाचित्रात धरू पाहणाराची बहुधा फजितीच होते.

पूर्वी कृष्णधवल फिल्मवर केशरी फूल व निळे आकाश जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरत. भिंगापुढे पिवळी काच धरली म्हणजे आकाश काळवंडे आणि फुले उजळून निराळी दिसत. आता नातवाच्या मोबाईलात रंग येतो खरा, पण इतका, की पाकळीच्या शिरा बुजून नुसता डाग उरतो. “आजोबा, ह्यात फूल कुठे आहे?” असे त्यानेच विचारले! उपाय सोपा आहे. पडद्यावर फुलाला बोट लावून उजेड थोडा उतरवावा, आणि ऊन तिरपे असतानाच जावे. त्या वेळी साळुंक्या व शिंजीर मधासाठी येतात आणि पराग माखून पुढच्या फुलाकडे जातात. पक्षी हवा असेल तर स्तब्ध उभे राहावे. चित्रासाठी फांदी वाकविणे तर दूरच.

यंदा मात्र घाई आहे. रस्ता रुंद व्हावयाचा म्हणून बुंध्यावर चुन्याची फुली पडली आहे. अर्ज दिला, उत्तर नाही. तोवर आम्ही आजा-नातू रोज एकाच दगडावर उभे राहून एक चित्र घेतो. आज बारावे झाले. शेंड्याच्या कळ्या अद्याप मिटलेल्याच आहेत.