छाप अशी हवी

मंडळी, माझे जुने विद्यार्थी आता चाळिशी-पन्नाशीला आलेत. कुणी टॉवेलचा कारखाना काढतो, कुणाची लेक दवाखाना थाटते, आणि फोनवर चित्र येतं, "बाई, लोगो कसा वाटतो?" मी काही चित्रकलेची शिक्षिका नव्हे, उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला. पण इतके लोगो बघून माझं एक मत पक्कं झालंय. लोक लोगो दागिन्यासारखा घडवतात. तो सहीसारखा असावा.

लोगो हा शब्द नवा, वस्तू जुनीच. आपण तिला ‘छाप’ म्हणायचो. कापडाच्या ठाणावर मिलचं तिकीट चिकटवलेलं असे, त्यावर एखादं चित्र. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईकही ‘हत्ती छाप द्या’ म्हणून माल मागू शके. म्हणजे चिन्ह तोंडी सांगता यायचं. माझी पहिली कसोटी हीच. तुमचा लोगो फोनवरून एका वाक्यात सांगून बघा!

इथेच पहिली चूक कळते, ती म्हणजे गर्दी. आपल्याकडच्या संस्थांची बोधचिन्हं आठवा. उगवता सूर्य, उघडं पुस्तक, समई, कमळ, दातेरी चक्र आणि भोवती संस्कृत वचन... कमिटीतल्या प्रत्येकाचा मान राखला जातो, आणि रबरी शिक्का मारला की कागदावर उरतो शाईचा डाग. याउलट स्टेट बँकेचं चिन्ह बघा. १९७१ साली शेखर कामत यांनी केलेलं. निळं वर्तुळ, मध्ये छोटं पांढरं वर्तुळ आणि खाली जाणारी एक फट. कंपासपेटी घेऊन पाचवीतलं पोर काढील. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण आकार तोच राहिला.

दुसरी चूक रंगावर भिस्त ठेवण्याची. पडद्यावर सोनेरीतून केशरी, केशरीतून लाल असं विरघळत जाणारं चित्र छान दिसतं. पण पावतीपुस्तकावर? आधी नुसत्या काळ्या शाईत काढा, रुपयाच्या नाण्याएवढं करून बघा, मग रंग भरा. आपल्या गावात तर याहून कडक परीक्षक आहे, तो म्हणजे माग. टॉवेलच्या काठात चिन्ह विणायचं तर ते ग्राफपेपरच्या चौकोनांत बसवावं लागतं. जेकार्डला दोनच गोष्टी कळतात, धागा वर की खाली. तिथे ग्रेस मार्क नाहीत!

तिसरी चूक अक्षरांची, आणि ही मला फार टोचते. इंग्रजी अक्षरांची वळणं देवनागरीवर लादायची, शिरोरेषा वाटेल तिथे तोडायची. मग ‘ख’चा ‘रव’ होतो आणि ‘खाऊ’ विकणारा ‘रवाऊ’ विकायला लागतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिले, तरी ‘सोलापूर’ लिहिताना पाकळीचा ‘ल’ पाटीवर क्वचितच दिसतो. आपली लिपी चिन्हासाठी किती सोयीची आहे, हे २०१० साली उदय कुमार यांनी दाखवलं. त्यांनी ‘र’ घेतला, शिरोरेषेखाली आणखी एक आडवी रेघ दिली, आणि देशाच्या रुपयाला चिन्ह मिळालं. आज भाजीवालीही ते खडूने पाटीवर काढते.

चौथी चूक उचलेगिरीची. तयार चित्र उचलायचं, खाली आपलं नाव घालायचं. तेच चित्र शेजारच्या गल्लीतही असतं! सोलापूरकरांना तर हे कळायलाच हवं. आपल्या चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो, कारण गिऱ्हाईक फक्त नाव ऐकतं, आणि नाव कुणीही छापू शकतं. मानांकनाची खूण कुठे असते, कशी दिसते, हे किती जणांना ठाऊक आहे? खूण ओळखीची नसेल तर तिचा उपयोग काय? त्यात जी मजुरी बुडते ती आपल्याच पूर्वभागातल्या मागावरच्या माणसाची.

म्हणून सगळ्या पोरांना माझं सांगणं एकच. लोगो घरच्यांना दाखवू नका, ते छानच म्हणणार. अनोळखी माणसाला दहा सेकंद दाखवा, झाका आणि त्याला काढायला सांगा. जमलं तर ट्रेडमार्कची नोंदणी करा, दर दहा वर्षांनी तिचं नूतनीकरण करा, आणि मुलगा धंद्यात आला म्हणून चिन्ह बदलू नका. छाप ओळखीची व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं मालही चांगला द्यावा लागतो. ते काम कुठल्याही चित्रकाराच्या हातात नाही.

असो. तुमच्या गावातली कुठली छाप तुम्हाला डोळे मिटून काढता येते? जरूर कळवा.