बोर्डावर ६०, गाडीत १८ : फास्ट चार्जिंगचं गणित समृद्धीकाठच्या गावांनी समजून घ्यावं

या जानेवारीतली गोष्ट. मामीला डोळ्याच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचं होतं. मामेभावाने दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतलेली. रात्रभर गाडी अंगणात उभी, चार्जिंग २२ टक्के. सकाळी सहाला मेहकरहून निघालो आणि पंधरा मिनिटांत फास्ट चार्जरला गन लावली. बोर्डावर लिहिलेलं ६० किलोवॅट, स्क्रीनवर आकडा १८. अर्धा तास धरून चाललो होतो, लागला सव्वा तास. दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि साडेनऊलाच नावं घेणं बंद झालेलं. मामीला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. आमचा दिवस पाण्यात गेला.

मामेभाऊ तिथल्या पोराशी भांडला, मशीन खराब आहे म्हणून. पण आम्ही गन काढल्यावर जालन्याकडून आलेली तसलीच गाडी त्याच गनला लागली. तिने ५० च्या वर ओढलं. म्हणजे मशीन ठीक होती. फरक होता बॅटरीच्या तापमानाचा. ती गाडी शंभर किलोमीटर पळून आली होती, आमची रात्रभर थंडीत गारठली होती.

थंडीत बॅटरी का अडते?

हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीतून पडत नाही, तसंच काहीसं समजा. या बॅटरीत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात तेव्हा चार्जिंग होतं. थंडीत त्यांची चाल मंदावते. अशा वेळी जोरात करंट दिला तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातूसारखं साचतं आणि बॅटरीची ताकद कायमची कमी होते. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच हात आखडता घेतो. किती वीज घ्यायची हे चार्जर ठरवत नाही, गाडी ठरवते. चार्जरवरचा आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा.

यावर उपाय म्हणजे प्रीकंडिशनिंग. सोप्या भाषेत, चार्जरला पोचायच्या आधीच वाटेत बॅटरी योग्य तापमानावर आणून ठेवणं. गाडीच्या नकाशात चार्जिंग स्टेशन टाकलं की गाडी वीस-तीस मिनिटं आधीपासून बॅटरी गरम करायला घेते. नॉर्वेसारख्या थंड देशात ही गोष्ट रोजची झाली आहे. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १०० नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ इलेक्ट्रिक होत्या. उलट अमेरिकेतल्या शिकागो भागात जानेवारी २०२४ च्या कडाक्याच्या थंडीत चार्जरपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. गारठलेल्या बॅटऱ्या चार्ज व्हायला वेळ घेत होत्या. वाटेत बॅटरी गरम करून या, असं तेव्हा लोकांना सांगावं लागलं.

आपल्याकडे मे महिना जास्त अवघड

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे. आपल्याकडे थंडी दोन महिने, तीही पहाटेपुरती. पण विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. समृद्धीवर कारची वेगमर्यादा १२०. तेवढ्या वेगाने दोन तास गाडी पळाली की बॅटरी आधीच तापलेली असते. त्यात फास्ट चार्जिंगने आणखी तापते. मग कॉम्प्युटर पुन्हा करंट कमी करतो, या वेळी उष्णतेमुळे. ज्या गाड्यांची बॅटरी पाण्यासारख्या कूलंटने थंड होते त्या तग धरतात. नुसत्या हवेवर थंड होणाऱ्या लवकर मंदावतात. म्हणजे आपल्याकडे प्रीकंडिशनिंगचा अर्थ बॅटरी गरम करणं एवढाच नाही. पोचायच्या आधी ती थंड करून ठेवणं, हाही आहे.

खरी अडचण भरवशाची

आता मुद्द्याची गोष्ट. बॅटरी गरम किंवा थंड करायला वीज लागते, आणि ती त्याच बॅटरीतून जाते. म्हणजे गाडी आधी खर्च करते, पुढे चार्जर चालू मिळेल या भरवशावर. पोचलो आणि मशीन बंद, लाइट गेलेली किंवा गन तुटलेली निघाली, तर दोन-चार टक्के फुकट गेले आणि पुढचं स्टेशन आणखी लांब. जिथे चार्जरचा भरवसा नाही तिथे ही सोय जुगार ठरते.

दुसरं असं, की आपल्यापैकी बहुतेक जण मोबाइल स्टँडला लावून त्यातल्या नकाशावर जातात. मोबाइलमध्ये टाकलेलं ठिकाण बऱ्याच गाड्यांना कळतच नाही. गाडीच्या स्वतःच्या नकाशात स्टेशन टाकलं तरच ती तयारी करते. आणि त्या नकाशात गावाकडचे चार्जर सगळे असतीलच असं नाही. मामेभावाच्या गाडीत तर ही सोयच नाही, हे आम्हाला गाडी घेतल्यावर कळलं. स्वस्त गाड्यांत ती सहसा नसते. काही छोट्या गाड्यांना तर फास्ट चार्जिंगच नसतं.

शासन काय मोजतंय?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. ते २०३० पर्यंत आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग सोय आणि समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी, या त्यातल्या मोठ्या गोष्टी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. हे चांगलंच आहे. आपल्या गावांनी ७०१ किलोमीटरच्या समृद्धीसाठी जमिनी दिल्या, त्याचा थोडा फायदा कडेच्या लोकांनाही मिळायला हवा.

पण दर २५ किलोमीटरला बोर्ड लागला म्हणजे काम झालं, असं धरून चालणार नाही. महिन्यातले किती तास तो चार्जर चालू होता, ही माहिती लोकांसमोर यायला हवी. इंटरचेंजला पोचायच्या आधीच फलकावर आणि गाडीच्या नकाशात दिसायला हवं की पुढची गन चालू आहे की बंद. स्टेशन मोजणं सोपं आहे. चालू तास मोजले तर खरं चित्र कळेल.

ढाब्यावर चार्जर लावताय? आधी डीपी बघा

सध्या रोडच्या कडेला जागा असलेल्यांकडे एजंट फिरताहेत. चार्जिंग स्टेशनला वेगळं वीज लायसन्स लागत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे, केंद्राने २०१८ मध्येच तसं स्पष्ट केलंय. पण पुढचं गणित ते सांगत नाहीत. ५ एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट. ६० किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे अशा सोळा मोटरी एकदम चालू. १२० चा म्हणजे बत्तीस. गावातली ६३ ची डीपी एका ६० च्या चार्जरमध्येच संपते, आणि १२० च्या चार्जरला १०० ची डीपीही पुरत नाही. म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळी लाइन, वाढीव लोड. हा खर्च कोण करणार, ते लेखी घ्या.

आणि कमाई गाड्यांच्या संख्येवर असते. थंड बॅटरीची एक गाडी सव्वा तास गन अडवून बसली, तर मागच्या दोन निघून जातात. एजंटच्या कागदावर प्रत्येक गाडी अर्ध्या तासातच निघते.

गाडीवाल्यांनी काय करावं?

एक, थंडीत पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच चार्ज करा, गाडी चालून आल्या आल्या, बॅटरी गरम असताना. घरी चार्जर असेल तर रात्री लावून ठेवा, धीम्या चार्जिंगला थंडीचा एवढा त्रास नाही.

दोन, सकाळी फास्ट चार्जरवर जायचंच असेल तर जवळच्यावर न थांबता, चार्जिंग पुरत असेल तर तीस-चाळीस किलोमीटर चालवून पुढच्यावर थांबा.

तीन, मे महिन्यात शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर ८० च्या वेगाने या.

चार, ८० टक्क्यांनंतर गन काढा. त्यापुढे वेग कमी होतोच, आणि मागे कोणीतरी थांबलेलं असतं.

पाच, नवी गाडी घेताना शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा: प्रीकंडिशनिंग आहे का, बॅटरी कूलंटने थंड होते का, फास्ट चार्जिंगला जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते. उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

पुढच्या आठवड्यात मामीला घेऊन पुन्हा गेलो. या वेळी मामेभावाने आदल्या दिवशी जालन्याहून परत येतानाच संध्याकाळी गाडी ८० टक्के करून आणली होती. पस्तीस मिनिटं लागली, तोच चार्जर, तीच गन. सकाळी कुठे थांबायची गरज पडली नाही आणि साडेआठला मामीचं नाव लागलं.