दोन किल्ल्या

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाच्या टेबलावर सहसा एका पुस्तकामागे चार वायरी असे प्रमाण असते. लॅपटॉप, त्याला जोडलेला जुना मॉनिटर, पोट उघडून ठेवलेला बिघडका राउटर, पत्त्यांच्या जोडाएवढा ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक आणि कशाचा तरी चार्जर. कॉलेजचे वेळापत्रक ऑनलाइन कॅलेंडरात असते. टिपणे लॅपटॉपवर लिहिली की मोबाईलवर आपोआप हजर होतात आणि प्रकल्पाची प्रत्येक आवृत्ती गिटहबवर जपून ठेवलेली असते. विद्यापीठाचा निकाल लागताच आपल्याला संदेश यावा म्हणून त्याने वीस ओळींचा एक प्रोग्रॅमही लिहिलेला असतो. निकाल पाहायला दोन मिनिटे लागली असती, प्रोग्रॅमला दोन रात्री लागल्या. पण हा हिशेब त्याला मान्य नसतो. “हे सगळे हवे कशाला रे?” हा आईचा प्रश्न आणि “अगं आई, आता ते आपोआप होतं!” हे त्याचे उत्तर. दोघांनाही आपलेच म्हणणे बरोबर वाटते.

या उत्साहाला चैन किंवा खूळ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे. 1991 च्या आरंभी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने नवा संगणक घेतला. सगळी रक्कम हाताशी नव्हती, तेव्हा उरलेले पैसे हप्त्यांनी फेडायचे ठरले. त्या संगणकावर मनाजोगती प्रणाली मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक लिहावयास घेतली आणि त्याच वर्षी ती सर्वांसाठी खुली केली. ती लिनक्स. आज हाताहातांत असलेल्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी तीच आहे. रास्पबेरी पायचा जन्मही अशाच विचारातून झाला. संगणकशास्त्र शिकू येणाऱ्या मुलांनी यंत्राशी स्वतः झटापट केलेलीच नसते, ही केंब्रिजमधील काही संगणकतज्ज्ञांची खंत होती. त्यांनी 2012 मध्ये 35 डॉलर किमतीचा हा संगणक बाजारात आणला, तो मोडला तरी फार हळहळ वाटू नये एवढ्या स्वस्तात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमास आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्च धरला जातो, तोही काही उगाच नव्हे. अर्थात तिसरा इअरफोन हा इअरफोनच असतो. त्याला अभ्यास म्हणण्याचे कारण नाही.

काळजीचा विषय या टेबलावर नाही. तो टेबलाच्या पलीकडे, आजोबांच्या खोलीत आहे.

मुलगा दुसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत तो घराचा संगणक विभाग झालेला असतो. गॅसचे बुकिंग, रेल्वेचे आरक्षण, डिजिलॉकरमधील कागदपत्रे, मावशीच्या मोबाईलची भरलेली जागा, सारे त्याच्याकडे. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाली आणि 2021 पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हयातीचा दाखला देता येऊ लागला. गुडघेदुखीने बेजार असलेल्या निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि पुष्कळ घरांत ती नातवाच्या उत्साहामुळेच साधली. इंदूर असो, बडोदे असो की पुणे, कोणत्याही शाखेतील निवृत्तिवेतनाच्या टेबलावर हे कौतुक ऐकावयास मिळते.

पण याच कौतुकाच्या ओघात एक दिवस आजोबा वीजबिलासाठी मोबाईल पुढे करतात. नातू म्हणतो, “आजोबा, तुम्ही बसा, मी करतो. पिन तेवढा सांगा.” आजोबा पिन सांगतात. पुढच्या महिन्यात तो सांगावाही लागत नाही. मग ओटीपीसाठी दर वेळी आजोबांना झोपेतून उठवणे बरे दिसत नाही, म्हणून खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून नातवाचा दिला जातो. नेट बँकिंगचा पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये साठवला जातो. वर्षभरात खाते आजोबांचे, पैसे आजोबांचे आणि किल्ल्या सगळ्या नातवाच्या अशी स्थिती होते. कोणाचाही हेतू वाईट नसतो. उलट प्रत्येक पाऊल मायेपोटी पडलेले असते.

यातला धोका नातवाच्या सचोटीचा नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. धोका त्याच्या लॅपटॉपचा आहे, आणि तो नेमका त्याच्या उत्साहातून येतो. नवे साधन दिसले की बसवून पाहणे हा त्याचा स्वभाव आणि त्याच्या शिक्षणाचा भागही. परंतु ब्राउझरला जोडण्याची पुष्कळशी फुकट साधने उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात, आणि ती घाईत दिली जाते. कुलूप तोडलेले महागडे सॉफ्टवेअर किंवा खेळातील युक्त्यांचा प्रोग्रॅम यांच्या पोटात साठवलेले पासवर्ड उचलून नेणारा चोर बसलेला असू शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर मुलाने असे प्रयोग केले, तर फार तर त्याचा प्रकल्प बुडेल. पण त्याच लॅपटॉपवर आजोबांची आयुष्यभराची पुंजी उघडत असेल, तर प्रयोगाची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

शिवाय धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणाही मुकी झालेली असते. एखाद्या ऑनलाइन साधनाची महिनाभराची मोफत चाचणी घेताना आजोबांचे डेबिट कार्ड जोडले जाते आणि महिना उलटल्यावर वर्गणी सुरू होते. 2021 मध्ये लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आवर्ती वजावट होण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जावयास हवी. सूचना जाते. पण ती नोंदवलेल्या क्रमांकावर, म्हणजे तासाला बसलेल्या नातवाच्या मोबाईलवर जाते आणि शंभर संदेशांखाली दबते. ज्याचे पैसे त्याला कळतच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी कोठवर, याची रेषा आखली. त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही. परंतु ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे तोटा झाला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचा सगळा तोटा त्याचाच. त्यात ‘दुसरा’ म्हणजे सख्खा नातू नव्हे, अशी सवलत कोठेही लिहिलेली नाही. ही कठोरता वाटते खरी. पण ज्याला पैसे गेल्याचे कळतच नाही, तो वेळेत कळविणार तरी कसा?

गंमत अशी, की यावरील उपाय त्या मुलाच्या अभ्यासक्रमातच असतो. 1975 मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. संगणक सुरक्षेच्या अध्यापनात त्यातील तत्त्वे आजही सांगितली जातात. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यातले एक तत्त्व. जे कुलूप उघडण्यास दोन किल्ल्या लागतात ते एका किल्लीच्या कुलपाहून भक्कम, हे दुसरे; आणि त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो बँकेच्या लॉकरचा. विद्यार्थी ही तत्त्वे परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो आणि घरी येऊन आजोबांची दुसरी किल्लीही आपल्याच खिशात ठेवतो.

बँकेत काम करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. रोकड तिजोरी दोघांच्या संयुक्त ताब्यात असते. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. वीस वर्षे नोकरी झालेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याला दुसऱ्या किल्लीचा अपमान वाटत नाही. उलट हिशेबात घोळ झाला तर तीच त्याची ढाल ठरते. नातवालाही ही ढाल हवी. आजोबांच्या खात्यातून उद्या पन्नास हजार रुपये गेले, तर पिन ठाऊक असलेला घरातला एकमेव माणूस तो असेल. घरातले त्याला काही बोलणार नाहीत, पण एकदा मनात येऊन जाईल. तो प्रसंग त्या मुलाच्या वाट्याला का यावा?

शाखांचाही यात वाटा आहे, हे मान्य करावयास हवे. खिडकीसमोर गोंधळलेल्या वृद्धाला “आजोबा, पुढच्या वेळी नातवाला घेऊन या” असे सांगणे सोपे असते, आणि रांग मोठी असली की ते सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणारा त्यातून एवढेच घेऊन जातो की हे आपले काम नव्हे. ज्यांना खरोखरच दिसत नाही, ज्यांची बोटे थरथरतात, त्यांच्यासाठी संयुक्त खाते आहे, व्यवहाराचे रीतसर अधिकारपत्र आहे. ते कागद भरून घ्यायला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास शाखेने द्यावा. बाकीच्यांना शिकवावे लागेल.

आणि शिकवणारा घरातच आहे. राउटर उघडून दुरुस्त करू पाहणाऱ्या मुलाला मोबाईलवरील अक्षरे मोठी करणे, ॲपमध्ये सोय असल्यास मराठी भाषा निवडून देणे, आजोबांचा क्रमांक पुन्हा आजोबांच्या नावे नोंदवणे, हा एका संध्याकाळचा खेळ आहे. 2024 मध्ये आलेल्या यूपीआय सर्कल या सोयीत तर असेही करता येते, की औषधांच्या दुकानात नातवाने रक्कम भरण्यास सुरुवात करावी आणि घरी बसलेल्या आजोबांनी आपल्या मोबाईलवर स्वतःचा पिन घालून तिला मंजुरी द्यावी. साल्टझर आणि श्रोडर यांचे कुलूप, जसेच्या तसे. फसवणूक झालीच तर लावावयाचा 1930 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनच्या डायरीत चिकटवणे हेही त्याच संध्याकाळी उरकता येईल.

अडचण तंत्राची नाही, धीराची आहे. यंत्राला एकदा सांगितले की ते कायमचे ऐकते. आजोबांना तीच गोष्ट चार वेळा सांगावी लागते, आणि पाचव्या वेळी ते चष्मा शोधायला उठतात. “तुम्ही बसा, मी करतो” हे शब्द तेव्हा अगदी ओठांवर येतात. ज्याने दोन मिनिटांच्या कामासाठी दोन रात्री आनंदाने घालवल्या, त्याच्यापाशी तेवढा वेळ नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

अशा एखाद्या घरात वीजबिलाची तारीख येते. आजोबा मोबाईल टेबलावर ठेवतात, एका हाताने पडदा झाकतात आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने एकेक आकडा दाबतात. नातू तेवढा वेळ तोंड फिरवून राउटरचे स्क्रू मोजत असतो. “गेले का रे?” आजोबा विचारतात. “माझ्याकडे काही आलं नाही. तुमच्याच मोबाईलवर बघा.”