गच्ची सगळ्यांची, ऊन कोणाचं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

सोलरच्या जाहिरातीतलं घर बहुतेक वेळा बैठं असतं. स्वतःचं छप्पर, स्वतःचं अंगण, आणि पुढली पंचवीस वर्षं आपल्याला इथून कोणी हलवत नाही ही खात्री. मी राहते विक्रोळीला, कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्या छपराचे मालक आम्ही सगळे, म्हणजे कोणीच नाही. आणि आजूबाजूच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जाताहेत, आमची आज ना उद्या जाणारच.

आता सरकारी योजना बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान, तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. नाशकात माझ्या नणंदेच्या बंगल्यावर पॅनल बसलेत, तिचं बिल खरंच नावापुरतं येतं. पण अटी वाचा. छप्पर तुमच्या हक्काचं हवं, नोंदणी झालेल्या ठेकेदाराकडूनच बसवायला हवं, आणि कंपनीच्या ग्रीडला जोडायला हवं. स्वतः पॅनल विकत आणून स्वतः बसवणाऱ्याला त्यात छदामही नाही. सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० आहेत, पण ते सामाईक कामासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप वगैरे. आमच्याकडे लिफ्टच नाही! आणि जी इमारत चार-पाच वर्षांत पाडायची, तिच्या डोक्यावर पंचवीस वर्षांचे पॅनल कुठली कमिटी बसवेल? मीही बसवणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्यासारख्यांना लागतं ते छोटं, सुटं, पान्याने खोलून टेम्पोत टाकता येईल असं सोलर. भाड्याच्या जागेत जाताना बरोबर नेता येईल, परत येताना परत आणता येईल असं. आणि नेमक्या याच सोलरकडे सरकार, दुकानदार आणि आमचे घरातले इंजिनियर, कोणी ढुंकून बघत नाही.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. शंभर वॅटचं एक पॅनल, एक चार्ज कंट्रोलर, बारा व्होल्टची एक बॅटरी. त्यावर बारा व्होल्टचा तीस वॅटचा पंखा, दोन एलईडी दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग चालतं. कंपनीच्या वायरिंगशी याचा काडीचाही संबंध नाही, आणि तो ठेवायचाही नाही. पॅनल गच्चीत बरोबर माझ्या घराच्या वर आहे, त्यामुळे वायर थोडकी लागली. बारा व्होल्टला वायर लांबली की वाटेतच वीज खाते. (वरच्या मजल्याचा हा एकमेव फायदा. बाकी नुसती गळती!) लोखंडी अँगलचं स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यांना बोल्ट करून घेतलंय, स्लॅबला एकही भोक नाही. मे २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ येणार असं कळलं तर पॅनल सोडवून सरळ घरात आणायचं. सात-आठ किलोचं असतं, शेजारचा मुलगा एका हातात उचलतो.

कमिटीने परवानगी द्यायला तीन महिने लावले आणि देताना लिहून घेतलं की सांगू तेव्हा काढावं लागेल. मी आनंदाने सही केली. अहो, दहा मिनिटांत निघतं हाच तर त्याचा गुण आहे!

आता बाजार. लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड अशा दोन्हीकडे फिरले. पहिला प्रश्न, "बाई, बरोबर कोणी नाही आलं?" दुसरा, "किती किलोवॅट?" शंभर वॅट म्हटलं की चेहरा पडतो. एका दुकानात तर पाटीएवढं पॅनल दाखवून "शंभर वॅट" म्हणून सांगितलं. मी मराठीची बी.ए., जन्मभर व्याकरण शिकवलं, पण त्रैराशिक मलाही येतं. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट पडतात, चांगलं पॅनल त्यातला पाचवा हिस्सा पकडतं. म्हणजे शंभर वॅटला निदान अर्धा चौरस मीटर हवाच. चौकटीसकट साधारण सव्वातीन फूट बाय सव्वादोन फूट. खरेदीला जाताना पिशवीत टेप ठेवा, आणि मागच्या लेबलवर आय.एस. १४२८६ आहे का ते बघा. कंट्रोलरवर मोठ्या अक्षरात एमपीपीटी छापलेलं असतं, आत बऱ्याचदा साधा पीडब्ल्यूएम निघतो. माहितीपत्रक इंग्रजीत आणि चिनीत. मुंबईत विकायची वस्तू, आणि तिच्यावर मराठीत एक ओळ नसावी? फ्यूज कुठे लावायचा हे न समजल्याने उद्या कोणाच्या घरात आग लागली तर "लोकांनी स्वतः करू नये" असं म्हणायला हेच सगळे पुढे येतील.

आमचा भाचा (वाचतोयस ना रे?) म्हणतो, मावशी, चांगल्या दिवशी तुला फार तर चारशे वॅट-तास मिळणार, महिन्याला दहा-बारा युनिट, आणि पावसाळ्यात तेही नाहीत. पैसे कधी वसूल होणार? हिशेब त्याचा बरोबर आहे. पण त्याच्या घरातल्या इन्व्हर्टरचे पैसे कधी वसूल झाले हे त्याला कोणी विचारलंय का? १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी ज्यांच्या छपरावर लाखांचं सोलर होतं पण बॅटरी नव्हती, त्यांचेही पंखे बंदच! ग्रीड गेलं की ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच असायला हवं. पण मग उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेल्यावर सत्तरीतल्या बाईला एक पंखा चालू राहतो, याची किंमत युनिटमध्ये कशी काढणार?

जर्मनीत गॅलरीत टांगायच्या छोट्या सोलरची दहा लाखांवर नोंदणी झालीय. २०२४ मध्ये त्यांनी कायदा बदलला. ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर चालतो, नोंदणी सोपी केली, आणि भाडेकरूला किंवा फ्लॅटवाल्याला ठोस कारणाशिवाय अडवता येत नाही. त्यांचं ते सॉकेटला जोडतात. आपल्याकडे तसं परवानगीशिवाय कोणीही करू नये, मी ते सुचवतही नाही. पण भाड्याने राहणाऱ्यालाही उन्हावर हक्क आहे हे त्यांच्या कायद्याला सुचलं. आपल्याकडे तर ऊन त्यांच्यापेक्षा किती तरी जास्त!

मला अनुदान नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेवढं पुरे. पण पंख्यांना, फ्रिजना जशी तारे लावून पारख करून देता, तशी या छोट्या संचांची द्या. बरोबर मराठीत माहितीपत्रक सक्तीचं करा. आणि सोसायटीच्या नियमांत लिहा की गच्चीतली एका पॅनलपुरती जागा प्रत्येक बिऱ्हाडाची. तीन महिने विनवण्या कशाला करायच्या?

असो. पुण्याच्या पुतणीने जोडणीचा क्रम विचारलाय, तो इथेच देते म्हणजे सगळ्यांना होईल. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलट, पॅनल आधी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्ह वायरवर. आणि उन्हात पॅनलला बटण नसतं, ते चालूच असतं, म्हणून वायरी जोडताना त्याच्यावर जाड चादर टाकायची. माझी जुनी सोलापुरी चादर त्याच कामाला ठेवली आहे.