समुद्रात बुडी घ्यायची तर कुठे?



बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या दिराने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. पाठीवर हवेची टाकी बांधलेली माणसे समुद्राच्या तळाशी पोहताहेत आणि त्यांच्याभोवती समुद्रसिंह लहान वासरासारखे हुंदडताहेत. आता घरातली पोरे ऐकत नाहीत. तूर विकली की सगळ्यांनी मिळून असे काही पाहायला जायचे ठरते आहे. बाई विचारतात, "हे कुठे पाहायला मिळते? आणि सासरे, मी, चौदा वर्षांचा मुलगा व आठ वर्षांची मुलगी, आम्ही पाण्यात उतरावे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आपल्या देशाच्या कोणत्याही किनाऱ्यावर समुद्रसिंहांची वस्ती नाही. त्यांना थंड, मासळीने भरलेले पाणी लागते. ते आहेत कॅलिफोर्नियापासून खाली मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत, इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर, दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडकडे. मेक्सिकोत ला पाझ गावाजवळ लॉस इस्लोटेस नावाचे खडक आहेत. त्यांच्याबरोबर पोहण्यासाठी ही जागा फार नावाजलेली. पण जून ते ऑगस्ट तिथेही माणसांना पाण्यात उतरू देत नाहीत, कारण तो पिलांचा काळ. गव्हाणीत नुकती व्यालेली गाय असली की आपण परक्या माणसाला आत सोडत नाही, तसेच हे. पिले खेळकर असतात, पोहणाऱ्याच्या पायातले रबरी पंख दातांनी ओढून पाहतात. मोठा नर मात्र आपल्या कळपापुढे पोळासारखा उभा राहतो. त्याच्या वाटेला जायचे नसते.

तिथवर जाण्याचा खर्च म्हणजे एखाद्याचा वर्षाचा कापूस. तो मी कुणाला सुचवणार नाही. मात्र हल्ली आपल्या गावांतली मुलेही अमेरिकेत नोकरीला आहेत. कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात असेल आणि तुम्ही त्याच्याकडे गेलात, तर सान फ्रान्सिस्कोच्या पिअर 39 या धक्क्यावर किंवा सान दिएगोजवळ ला होया येथे हे प्राणी काठावरूनच दिसतात. अंगाला पाणी लावावे लागत नाही.

आता आपल्या आवाक्यातले बोलू. हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याला स्कूबा म्हणतात, आणि ते आपल्या महाराष्ट्रात मालवणला होते. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. शेजारीच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. याशिवाय गोव्यात ग्रँड आयलंडजवळ आणि कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेटाजवळही लोक बुडी घेतात. नेत्राणीचे पाणी मालवणपेक्षा नितळ असते, पण बेट किनाऱ्यापासून बरेच आत आहे. होडीत बसून तिथे पोचेपर्यंत ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्याचे पोट ढवळून निघते. अंदमान उत्तमच, पण तो विमानाचा नाहीतर जहाजाचा प्रवास. माझे मत विचाराल तर पहिल्या वेळेला मालवण. पाणी उथळ, माणसे मराठी बोलणारी, आणि नाही जमले तर पाहायला किल्ला आहेच.

तिथे समुद्रसिंह दिसणार नाहीत हे मुलांना घरीच सांगून ठेवा. देवबाग, निवतीकडे होडीतून डॉल्फिन दिसतात, तेही नशीब असेल तर. डॉल्फिनमागे होडी पळवायला नावाड्याला कधी सांगू नका. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि माग काढल्याने ते लांबच जातात.

दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण तो जिवाशी गाठ असलेला आहे.

आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले पुष्कळ जण आहेत. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह अडकला की बुडी मारून काढणारा एखादा पट्टीचा पोहणारा प्रत्येक गावात असतो. त्याला विचारा, खाली गेल्यावर कानात काय होते? कळ येते. वरच्या पाण्याचे ओझे कानाच्या पडद्यावर पडते. सुमारे 33 फुटांवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. समुद्रातही तसेच. म्हणून उतरताना थोड्या थोड्या वेळाने नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे असते, म्हणजे कान मोकळे होतात. सर्दी असेल तर ते होत नाहीत. सर्दी झालेल्याने त्या दिवशी उतरूच नये, पैसे भरलेले असले तरी.

पण विहिरीची एक सवय समुद्रात घातक ठरते. विहिरीत आपण दम धरतो. टाकी लावून बुडी घेताना दम कधीही धरायचा नाही. कारण समजून घ्या. विहिरीत जाताना छातीत हवा वरची असते. खाली ती दबते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते, बिघडत काही नाही. टाकीतून मात्र आपण खालच्या दाबाची हवा ओढतो. 33 फुटांवर छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलो, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. ती जागा छातीत नसते. फुप्फुस फाटते. दहा फुटांवरूनही भरल्या छातीने दम धरून घाबरून वर उसळी मारणे धोक्याचे असते. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, आणि चांगला पोहणारा तर सवयीनेच करतो. तेव्हा घरच्या पोहणाऱ्या पोराला हे दहादा सांगा : श्वास चालू ठेवायचा, वर यायचे ते सावकाश.

पहिल्यांदा जाणाऱ्याला पोहता आलेच पाहिजे असे नाही. शिकलेला माणूस मागून धरून नेतो. एका माणसामागे एक, असाच हिशेब आहे का ते विचारा. एकजण दोघातिघांना नेणार असेल तर दुसरीकडे जा. उतरण्याआधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतात का, हाताच्या खुणा शिकवतात का, तेही पाहा. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, कानाचे ऑपरेशन झालेले, गरोदर बाई, यांनी उतरू नये. अर्जावर आजार विचारतात तिथे खरे लिहायचे. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चौदा वर्षांचा मुलगा जाऊ शकेल. आठ वर्षांच्या मुलीसाठी ते वय नाही, साधारण दहाच्या खाली नेत नाहीत. तिला जाकीट घालून, काच लावून वरूनच खाली पाहू द्या. त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात. मासे तसेही दिसतात.

आणि होडी. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. बुडी सुखरूप झाली होती, घात परतीच्या वाटेवर झाला. म्हणून जाकीट जाताना आणि येतानाही अंगावर, बंद लावून. होडीत माणसे ठेचून भरलेली दिसली तर उतरून घ्या. कुणी हसले तर हसू द्या.

जायचे केव्हा? पावसाळ्यात हे सगळे बंद असते. मे महिन्याच्या शेवटी समुद्र खवळू लागतो आणि गर्दीही तेव्हाच. सोयाबीन, कापूस आटोपून तूर घरात आली की फेब्रुवारीत निघा. हरभरा सोंगायला यायच्या आत परत येता. दहावी-बारावीचे पोर घरात असेल तर अर्थात पुढच्या वर्षी. अकोल्याहून रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटीने मालवण. नागपूरहून मडगावकडे अकोलामार्गे विशेष गाडीही सोडतात. तिचे वार अकोला स्टेशनवर विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळा. बुडी घेतली त्या रात्री मालवणातच मुक्काम करा, लगेच गाडीने घाट चढू नका. शरीरात मुरलेली हवा सावकाश निघू द्यायची असते.

सासऱ्यांना मात्र किल्ल्यावर न्या. शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर तो बांधला. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी, तिन्ही गोड्या पाण्याच्या. आपल्या खारपाणपट्ट्यातले कुणी सोयरे बरोबर असतील तर ते त्या विहिरींपाशी किती वेळ उभे राहतात ते मला पत्राने कळवा.