झाडांवर प्रेम आहे? छान! पण मोजता येतं का?

‘बीएस्सी कशात करतेयस?’
‘एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये.’
‘म्हणजे ते झाडं लावायचं वगैरे?’

पर्यावरणशास्त्रात डिग्री करणाऱ्या कुणालाही विचारा, हा संवाद त्यांना पाठ असतो. लग्नात, गणपतीत, शेजारच्या काकूंकडे, सगळीकडे तेच. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला, ‘मग यात नोकरी कुठे मिळते?’

चिडू नका. लोकांचा तरी काय दोष? बहुतेकांची या विषयाशी ओळख झाली ती कॉलेजातल्या सक्तीच्या पेपरमधून. तो पेपर आला कुठून, माहितीये? एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये सांगितलं, की पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा. अंमलबजावणी रखडली. २००३ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. मग यूजीसीनं सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. हेतू उत्तमच होता. आपण त्याचं काय केलं? सिनियरचा प्रोजेक्ट घेतला, पहिलं पान बदललं, ओझोनच्या थराचं रंगीत चित्र चिकटवलं आणि सबमिट केलं. मार्कही मिळाले.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर रत्नागिरीचं प्रकरण ऐका.

खाण, धरण, विमानतळ असे मोठे प्रकल्प सुरू होण्याआधी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा, म्हणजे ईआयएचा अहवाल करावा लागतो. तिथली हवा, पाणी, माती, झाडं, पक्षी आज कसे आहेत आणि प्रकल्पानंतर त्यांचं काय होईल, हे त्यात लिहायचं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या अशाच अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून चक्क स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली. ही थंड प्रदेशातली झाडं कोकणात? नंतर उघड झालं, की मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेला होता.

ही प्रोजेक्ट कॉपी करण्याचीच सवय आहे, फक्त आता मोठी झालेली. फरक एवढाच, की कॉलेजच्या प्रोजेक्टवर कुणाचं पाणी, शेत, आमराई अवलंबून नसते. अहवालावर असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ‘मला निसर्ग आवडतो’ एवढ्याच कारणासाठी ही डिग्री घेऊ नका. निसर्ग आवडतो तर ट्रेकला जा, पक्षी बघा, बाल्कनीत बाग करा. त्याला डिग्री लागत नाही. डिग्री घ्यायची ती मोजायला शिकण्यासाठी.

मोजणं म्हणजे काय? एक साधी टेस्ट बघू, बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते यातून कळतं. नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायचा, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन मोजायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग चुकू शकतं. आता याची दुसरी बाजू बघा. आपल्या मानकांनुसार नदीत सामूहिक स्नानासाठी पाण्याचा बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे २८ आलं तर कारखाना नियमात, ३८ आलं तर नियमाबाहेर. मधला तो आकडा कुणाच्या तरी हातानं, कुठल्या तरी लॅबमध्ये निघतो. तो हात तुमचा असू शकतो.

इथे एक हुशार प्रश्न येतो. ‘मग सरळ केमिस्ट्रीच का घेऊ नये?’

रास्त आहे. पण २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती आठवा. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई. असं काही घडतं तेव्हा एकटा केमिस्ट पुरत नाही. पाण्यात काय आहे हे एक झालं. ते आलं कुठून, पाइपलाइन आणि गटार एकमेकांना कुठे भेटतात, उन्हाळ्यात नदीला पाणीच नसतं तेव्हा घाण किती दाट होते, जबाबदारी नगरपालिकेची की मंडळाची, १९७४ चा पाणी कायदा काय म्हणतो, हे सगळे धागे एकाच डोक्यात एकत्र यावे लागतात. पर्यावरणशास्त्र शिकवायला हवं ते हे.

‘शिकवायला हवं’ असं मुद्दाम म्हणतोय. कारण या डिग्रीचा कमकुवतपणाही इथेच आहे. थोडं केमिस्ट्री, थोडं बॉटनी, थोडं जिऑलॉजी, थोडा कायदा. तीन वर्षांनी सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि इंटरव्ह्यूमध्ये ‘तुला नक्की काय येतं?’ असं विचारलं की घसा कोरडा पडतो.

आणखी एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भारतीय वन सेवेची परीक्षा अनेकांच्या डोक्यात असते. तिच्या पात्रतेत विषयांची यादी आहे : पशुसंवर्धन व पशुवैद्यक, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मॅथ्स, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि झूलॉजी. यातला किमान एक विषय डिग्रीला हवा, नाहीतर डिग्री कृषी, वानिकी किंवा इंजिनीअरिंगची हवी. त्या यादीत एन्व्हायर्नमेंटल सायन्स हे नाव नाही! तेव्हा विषयांचं कॉम्बिनेशन ठरवण्याआधी यूपीएससीची जाहिरात स्वतः वाचा, कोचिंगवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

मग दारं कुठली उघडी आहेत? पाणी आणि हवा तपासणाऱ्या लॅब, ईआयए करणाऱ्या कन्सल्टन्सी, कारखान्यांचे पर्यावरण आणि सुरक्षा विभाग, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, महापालिकांचे दरवर्षीचे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, संस्थांची संशोधनाची कामं. शिकवायचं असेल तर एमएस्सीनंतर यूजीसी नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. पुणे विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्याचे वेगळे विभाग आहेत. नुसत्या बीएस्सीवर पहिला पगार बघून डोळे दिपतील, असं मात्र नाही. घरच्यांशी बोलताना हे लपवू नका. खरं सांगितलंत तर ते उलट जास्त ऐकून घेतील.

यावर उपाय एकच : कुठलं तरी एक हत्यार धारदार करा. माधव गाडगीळ यांचं नाव पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण हार्वर्डमधली त्यांची पीएचडी गणिती इकॉलॉजीतली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? तुम्हाला हार्वर्ड नसेल मिळत, मायनर तर मिळतो ना! मेजर पर्यावरण असेल तर मायनरला सोपा पेपर शोधण्यापेक्षा केमिस्ट्री किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या. नकाशांची आवड असेल तर क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. झाडं ओळखता येत असतील तर गवतं ओळखायला शिका, ते येणारे फार थोडे असतात. ऑन जॉब ट्रेनिंगला ओळखीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणण्याऐवजी एखाद्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला उभे राहा.

आणि अ‍ॅडमिशनआधी कॉलेजची लॅब बघून या. तीन प्रश्न विचारा. बीओडीचा इन्क्युबेटर चालू आहे का? वर्षातून किती दिवस फील्डवर नेता? मागच्या बॅचची मुलं सध्या काय करतात? उत्तरं टोलवाटोलवीची आली तर त्या कॉलेजात बिनधास्त केमिस्ट्री घ्या. मी वाईट वाटून घेणार नाही.

तरीही ठरत नसेल, तर एक आठवडा द्या. कॉलेजच्या गेटसमोरचा आवाज मोबाइलच्या अ‍ॅपवर रोज एकाच जागी, एकाच वेळी मोजा. अ‍ॅप अचूक नसतं, पण अंदाज येतो. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि शांतता क्षेत्रासाठी ५०. सात दिवसांचे आकडे वहीत लिहा. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर हरकत नाही, जगात इतर चांगले विषय आहेत. पण ‘मंगळवारी आकडा एवढा का वाढला?’ हे शोधायला तुम्ही चहाची टपरी सोडून रस्त्यापलीकडे गेलात, तर फॉर्म भरून टाका.